पहिल्या हॉर्नचा दम

ऑर्केस्ट्रातला हॉर्न म्हटलं की लोकांना गाडीचा हॉर्न आठवतो, त्याला कोण काय करणार. त्यात समोर उभं राहून हातवारे करणाऱ्याला कंडक्टर म्हणायचं. त्यामुळे शेजारपाजारचे लोक बाबांना हटकून विचारायचे, "काय हो, हॉर्न तुमच्याकडे, कंडक्टर तुमच्याकडे, मग बस कुठंय?" हा विनोद बाबांनी उभ्या जन्मात इतक्या वेळा ऐकला होता की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते हसून मोकळे व्हायचे.

त्यांचा हॉर्न पितळेचा, गोगलगाईसारखा गुंडाळलेला. पुढे भलंमोठं फुललेलं तोंड, आणि वाजवताना त्या तोंडात उजवा हात खुपसून बसायचं. गुंडाळी सोडवून सरळ केली तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाईल एवढी लांब नळी. ती फुंकून भरायची तर छातीत दम लागतो, आणि दम म्हणाल तर बाबांइतका त्या शहरात कुणाकडे नव्हता. ऑर्केस्ट्रात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'दमदार' म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि बाबांना ते आवडायचं हे काही लपून राहिलेलं नव्हतं.

हे नाव पडलं एका सिंफनीमुळे. संगीतकार मंडळी डोंगर, वादळं आणि स्वतःची दुखावलेली मनं यांवर मोठमोठ्या रचना लिहीत, त्या काळातली ही सिंफनी. चार भागांची, चांगली लांबलचक. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला सगळा काळोख असतो. व्हायोलिनं नुसती थरथरतात, मोठे नगारे लांबवर गुरगुरतात, आणि त्या काळोखातून एक हॉर्न वर येतो. दरीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसा. ही हाक इतकी लांब आहे की लिहिणाऱ्याने ती दोन हॉर्नमध्ये वाटून दिली होती. पहिल्याने सूर धरायचा, त्याचा दम सरत आला की दुसऱ्याने तोच सूर अलगद उचलायचा, तेवढ्यात पहिल्याने श्वास घेऊन परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हॉर्न एकच आहे आणि त्याला श्वास घ्यावाच लागत नाही.

बाबा तरुणपणी पहिल्या हॉर्नच्या खुर्चीवर बसले आणि ही सिंफनी आली, तेव्हा त्यांनी शेजारच्याला सांगितलं, "तू बस निवांत, मी बघतो." आणि खरंच, सगळी हाक एका दमात वाजवून दाखवली. लोकांनी तोंडात बोटं घातली. तेव्हापासून या ऑर्केस्ट्राचा रिवाजच होऊन बसला. हाकेच्या वेळी दुसऱ्या हॉर्नने मांडीवर वाद्य ठेवून गप्प बसायचं. त्या काळचा दुसरा हॉर्नवाला गमत्या होता, त्याने आपल्या कागदावर त्या सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीने एक छोटी उशी काढून ठेवली होती.

त्या उशीची वारसदार म्हणजे बाबांची लेक. वशिल्याने आली असं कुणी म्हणू नये म्हणून तिची परीक्षा पडद्याआड झाली होती, वाजवणारा कोण हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. तिला दुसऱ्या हॉर्नची खुर्ची मिळाली आणि पहिल्याच दिवसापासून सगळे तिला 'दुसरी' म्हणायला लागले. ती बाबांच्या शेजारी बसायची, बाबांच्या खालचे सूर सांभाळायची, आणि ती सिंफनी आली की उशीखाली गप्प बसायची. खरं सांगायचं तर तिला ते सूर हवे होते. घरात कुणी नसताना तिने ते कितीदा तरी वाजवून पाहिले होते. पण बाबांकडे मागायची तिची छाती झाली नाही.

मग दाताचं प्रकरण झालं. हॉर्नच्या टोकाला, ओठाला लावायचा एक छोटा पितळी तुकडा असतो, माउथपीस. तो कधी कधी नळीत घट्ट अडकून बसतो. तो ओढून काढायचा नसतो, त्यासाठी एक लहानसं यंत्र मिळतं, आणि ते ऑर्केस्ट्राच्या सामानखोलीत ठेवलेलं होतं. बाबांनी आजवर शिकवलेल्या प्रत्येक पोराला हे बजावलं होतं, "अडकला तर शहाणपणा करायचा नाही, इथे घेऊन यायचं." आणि एका सुट्टीच्या दिवशी स्वतःचा माउथपीस अडकला तेव्हा बाबांनी हॉर्न दोन्ही गुडघ्यांत धरला, पक्कड घेतली, वर वाकून जोर लावला. माउथपीस सुटला आणि पकडीसकट सरळ त्यांच्या वरच्या दातांवर आला. आई धावत आली तेव्हा बाबा एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात पुढचा दात घेऊन उभे होते. कुणाला सांगू नकोस, हे त्यांचे पहिले शब्द.

दाताच्या डॉक्टरांनी नवा दात बसवला. "आता सफरचंदसुद्धा खाल," ते म्हणाले.

"मला सफरचंद वाजवायचं नाहीये," बाबा म्हणाले.

हॉर्नवाल्याचं सगळं पुढच्या दातांवर असतं. ओठ माउथपीस आणि दात यांच्यामध्ये असतो, आणि मागची भिंत केसाएवढी जरी सरकली तरी ओठाला कळतं. कित्येक महिने बाबा मागच्या खोलीत दार लावून वाजवत राहिले. आधी नुसता वारा निघायचा. मग सूर यायला लागले, गोल, काळसर, त्यांचेच. पण लांब सूर मध्येच फाटायचा. बाहेर लेक कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची. सूर चालू झाला की तिचे हात थांबायचे, आणि तो फाटला की ती पुन्हा घडी घालायला लागायची. बाबा बाहेर आल्यावर म्हणायचे, "हवा दमट आहे आज." आई म्हणायची, "हो का? माझे तर ओठ कोरडे पडलेत." यापलीकडे घरात त्यावर कुणी बोलत नसे.

बाबा कामावर परतले तोवर कंडक्टर बदलले होते. नव्या कंडक्टर बाई बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला तोडून टाकल्यासारख्या. त्यांनी पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता सांगितलं, "या कार्यक्रमापर्यंत पहिली खुर्ची तुमची. त्यानंतर मी ठरवणार. नाहीतर चौथ्या, शेवटच्या हॉर्नची जागा रिकामी आहे." बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवले नाहीत.

कार्यक्रमात सुरुवातीला एका जहाजाच्या प्रवासावरचं सिंफनिक पोएम होतं. म्हणजे शब्द नसलेली गोष्ट, सगळं काही वाद्यांनी सांगायचं, बंदरापासून वादळापर्यंत. आणि मध्यंतरानंतर तीच ती सिंफनी. नशीब माणसाची अशी थट्टा करतं म्हणतात, पण हे नशिबाचं काम नव्हतं. कार्यक्रम आधीच्या कंडक्टरने ठरवून ठेवला होता आणि जाहिराती छापून झाल्या होत्या.

पहिल्या तालमीत शेवटचा भाग आला. काळोख झाला, नगारे गुरगुरले, बाबांनी हॉर्न उचलला. हाक निघाली आणि अर्ध्यावर फाटली. कंडक्टर बाईंनी हात खाली घेतले, कागद पाहिला आणि त्यांची नजर थेट लेकीवर आली.

"दुसरा हॉर्न गप्प का?"

बासरीवालीने बासरी पुसायला घेतली. बसून वाजवायचा मोठा बाजा सांभाळणारा ट्यूबावाला छताकडे बघायला लागला. इतक्या वर्षांचा रिवाज, पण नव्या बाईंना तो कुणी सांगितलाच नव्हता. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितला असेल.

"इथे ते मी एकटाच वाजवतो," बाबा म्हणाले.

"का?"

"पहिल्यापासून."

"लिहिणाऱ्याने दोघांसाठी लिहिलंय."

"त्याच्याकडे दोघं लागत असतील," बाबा म्हणाले.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "मला न तुटणारा सूर हवाय," त्या म्हणाल्या. "छात्या एक असोत की दोन. उद्या ठरवून या."

रात्री सगळे जेवायला बसले. आईने दोनदा पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला. शेवटी लेकीनेच विषय काढला. "बाबा, बाई म्हणतात तर मी वाजवू का माझे सूर?"

"माझ्या सुराला ठिगळ नको," बाबा म्हणाले.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "मी ठिगळ आहे का?"

"तुला नाही म्हटलं मी."

"मग कुणाला म्हटलंत? दुसरा हॉर्न मीच वाजवते."

बाबा ताटात बघत राहिले. आई तशी मध्ये पडणाऱ्यातली नव्हती. पण एकदा बोलायला लागली की मागचंपुढचं सगळं बाहेर काढायची. "एक सांगू का?" ती म्हणाली. "अहो, लोकांनी तुमचा दम पाहिला. धाप मी पाहिलीय. त्या हाकेनंतर कार्यक्रम संपला की आतल्या खोलीत खुर्चीत कोसळायचात तुम्ही. मी पाणी घेऊन उभी आणि तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही. चांगले धडधाकट होतात तेव्हा. दातही होता."

"तिला कशाला सांगतेस हे?"

"तिला नको तर कुणाला सांगू? नगारेवाल्याला?"

बाबा उठले, आपलं ताट घेऊन मोरीपाशी गेले आणि ते घासत बसले. आधीच घासलेल्या दोन वाट्याही त्यांनी पुन्हा घासल्या. विषय संपला, असा या घरात त्याचा अर्थ होता.

लेक अंथरुणावर पडली, पण डोळ्याला डोळा लागेना. बाबांना धाप लागायची हे तिला माहीतच नव्हतं. ती कायम स्टेजवर वाद्यं आवरत मागे राहायची. तिला वाटायचं, बाबांचा दम म्हणजे विहिरीचं पाणी, उपसलं की पुन्हा भरतं. आता तिच्या डोळ्यांसमोर चौथ्या खुर्चीवर बसलेले बाबा येत होते, पार टोकाला, आणि शेजारी कुणीतरी परका पहिला हॉर्न. ते चित्र तिला सहन होईना. तिला त्यांचा राग येत होता, कीव येत होती, आणि या सगळ्याच्या तळाशी ते सूर हवेच होते. आपण नक्की बाबांसाठी झटतोय की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. बाबांनी येता येता लेकीला एवढंच सांगितलं, "आज जमेल मला." बाईंनी विचारलं, "ठरलं?" बाबा म्हणाले, "ठरलं."

हाक सुरू झाली. चांगली सुरू झाली, खरोखर चांगली. लेकीने हॉर्न मांडीवर ठेवला होता, पण कान त्या सुराला चिकटले होते. अर्ध्यावर आल्यावर तिला तो कंप ऐकू आला. बारीकसा, घरच्या दाराआडून रोज ऐकलेला. आता फाटणार हे तिला कळलं, आणि पुढचा विचार करायच्या आत तिचा हॉर्न ओठांना लागला होता. तिने सूर उचलला.

बाबांनी तो ऐकला. सोडून द्यायचं, तर त्यांनी उलट जोर लावला. एकच सूर, दोन हॉर्न, दोघांत केसाचं अंतर. अरुंद दारातून दोन माणसं एकदम शिरायला जावीत आणि खांद्यांत अडकावीत, तसं झालं. बासरीवालीने डोळे मिटून घेतले. बाबांनी हॉर्न खाली घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुला?"

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "जेवून घ्या सगळे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी त्या जागी मी हात करीन. पुढचं तुम्ही दोघं जाणा."

लेक जेवायला गेली नाही. सामानखोलीत मोठ्या वाद्यांच्या रिकाम्या पेट्यांमध्ये एक स्टूल ओढून बसली आणि चांगली रडली. मग नाक पुसून, दुसरं काही सुचेना म्हणून हॉर्नमधलं पाणी काढत बसली. फुंकून फुंकून नळीत पाणी साठतं, ते उलटं करून काढावं लागतं. दार उघडलं आणि बाबा आत आले. हॉर्न हातात होता.

"सकाळी मी जे..." ते म्हणाले आणि थांबले.

"असू द्या," ती म्हणाली.

ते एका पेटीवर टेकले. बराच वेळ आपल्या हॉर्नच्या चाव्या विनाकारण दाबत राहिले. मग, एखाद्या विद्यार्थ्याला विचारावं तशा कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "समज, मी सूर सोडतोय. तुला कसं कळणार?"

"तुमच्या खांद्यावरून. दम सरत आला की तुमचा खांदा वर येतो. थोडासाच."

"माझा खांदा वर येतो?"

"नेहमी येतो."

"आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कोण सांगणार?"

बाबांनी नाकातून हवा सोडली. ते हसणं होतं की काय, हे तिला कळलं नाही. "वाजव," ते म्हणाले.

त्यांनी वाजवून पाहिलं. पहिल्यांदा दोघांचा रंगच जमेना. बाबांचा सूर दाट, तिचा उजळ, जोड लगेच दिसायची. "हात अजून आत घाल," बाबा म्हणाले. "आणखी. हां, आता झाकला." मग रंग जमला, पण दुसरीच अडचण निघाली, आणि ती बाबांची होती. सूर कसा सुरू करायचा, कसा धरायचा, कसा फुलवायचा हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं होतं. पण ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता तो सोडायचा कसा, हे त्यांना येत नव्हतं. त्या जागी त्यांनी तो आजवर सोडलाच नव्हता. ते एक तर तोडून टाकायचे, की मध्ये भोक पडायचं, नाहीतर सोडायचेच नाहीत.

"बाबा, तुम्ही थांबू नका," ती म्हणाली. "नुसते कमी कमी होत जा. पुढे मी आहे."

"तुला सोपं वाटतं."

"सोपं कुठे. मी दुसरी आहे, मला रोज हेच करावं लागतं."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग हॉर्न पुन्हा ओठाला लावला. पुढच्या खेपेला जरा बरं झालं. त्यानंतर पुन्हा बिघडलं. मग खुर्च्या मांडणारे आत आले, पेट्या हलवायला लागले, आणि बाबा उठले.

"बघू स्टेजवर," ते म्हणाले. हे 'हो' होतं की 'नाही', ते त्यांचं त्यांना ठाऊक.

संध्याकाळी सभागृह भरलं. जहाज बंदरातून निघालं, वारा पडला, मग वादळ आलं, आणि वादळात हॉर्ननी नुसता आक्रोश करायचा असतो. बाबांनी हात राखून वाजवावं असं तिला फार वाटत होतं. पण त्यांनी एकही लाट सोडली नाही. जहाज एकदाचं किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यांचा वरचा ओठ लाल झाला होता. आई प्रेक्षकांत होती. मध्यंतरात लेकीने पडद्याच्या फटीतून बघितलं, तर ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत बसली होती.

सिंफनी सुरू झाली. पहिला भाग, दुसरा, तिसरा. तिचे सूर आपसूक येत होते, पण जीव टांगणीला लागला होता. आणि मग शेवटचा भाग आला. व्हायोलिनं थरथरायला लागली. नगारे लांबून गुरगुरले. बाईंनी हॉर्नकडे हात केला.

बाबांची हाक निघाली. सकाळच्यापेक्षा मोठी, गोल, सगळं सभागृह भरून टाकणारी. लेकीने हॉर्न उचलून ओठाजवळ आणला आणि त्यांच्या खांद्याकडे बघत राहिली. खांदा जागचा हलत नव्हता. ते एकटेच जाणार, तिला वाटलं, सगळी हाक एकटेच मारणार. तेव्हा तिने मनाशी ठरवलं की आज आपण आपणहून शिरायचं नाही. फाटला तर फाटू दे, त्यांची खुर्ची गेली तर जाऊ दे, पण त्यांच्या तोंडून सूर काढून घ्यायचा नाही. तो त्यांचा आहे. तिचे डोळे भरून आले आणि समोरचा कागद दिसेनासा झाला.

आणि खांदा वर आला. थोडासाच. तिने ऐकलं, सूर लहान होत होता. फाटत नव्हता, कापत नव्हता. बाबा आपणहून कमी कमी होत होते, उतारावरून सायकल सोडावी तितक्या सहज. तिने तो सूर उचलला. कुठे उचलला, हे पुढे तिलाही कधी सांगता आलं नाही. तो बाबांचा होता आणि मग तिचा होता, बस.

शेजारी बाबांनी श्वास घेतला. तिला तो ऐकू आला, लांब, खोल, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. ती वाजवत राहिली. आपला सूर बाल्कनीच्या पार मागच्या रांगेपर्यंत जातोय हे तिला जाणवत होतं, आणि भीती कुठच्या कुठे गेली होती. तिला नुसता आनंद होत होता. मग बाबा परत आले, तिने आपला सूर त्यांच्याखाली विरवून टाकला, आणि पुढे बासरीने ती हाक उचलून डोंगरापलीकडे नेली.

सिंफनी संपली. टाळ्या पडल्या. बाईंनी सगळ्यांत आधी हॉर्नकडे बोट केलं तेव्हा बाबा उभे राहिले, लोकांनी कौतुकाने पाय आपटले, आणि लेकही टाळ्या वाजवत होती. टाळ्या त्यांच्यासाठी होत्या आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं.

आतल्या खोलीत वाद्यं पेट्यांत जात होती. आई येऊन दाराशी उभी होती. कंडक्टर बाई जाता जाता थांबल्या. "पुढच्या वर्षीही हाच आवाज हवा मला," त्या म्हणाल्या. "दोन्ही खुर्च्या आहेत तशा." आणि निघूनही गेल्या. आईने पर्सचा पट्टा सोडला.

तेवढ्यात औषधांच्या दुकानाचे मालक घाईघाईने आत आले. पिकलेले केस, गळ्यात मफलर, सगळे कार्यक्रम न चुकता ऐकणारा माणूस. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. "लोक काय काय बोलत होते हो, दमदार संपले म्हणून. मी म्हटलं, बघाच. तोच दम. अजून एका दमात."

लेक पेटीवर वाकून हॉर्न पुसत होती. तिने मान वर केली नाही. घेऊ देत, तिला मनापासून वाटलं, एवढं तर त्यांना घेऊ देत. बाबांनी नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं.

"नाही हो," बाबा म्हणाले. "मध्ये मी श्वास घेतला. तेव्हा ही वाजवत होती."

दुकानदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय सांगता? पण कळलंच नाही."

"कळू नये म्हणूनच तसं लिहिलंय ते." बाबांनी हात सोडवून घेतले आणि तिच्या पेटीशेजारी बसले. आता ते दुकानदारांशी बोलत नव्हते. "इतकी वर्षं ही हाक मी वाजवली. पण वाजवताना काही ऐकू येत नाही गं. पुढे दम पुरेल का, एवढंच डोक्यात. आज तू वाजवत होतीस आणि मला नुसतं बसून राहायचं होतं. पहिल्यांदा ऐकली."

पुसायचं फडकं लेकीने डोळ्यांना लावलं, त्याला तेलाचा वास येत होता.

"मग?" आईने दारातून विचारलं. "कशी आहे?"

"लोक त्या जागी का रडतात," बाबा म्हणाले, "ते मला आज कळलं."